दोन इंचांची गादी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मी एका मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष होतो. शिक्षकाच्या नशिबी ही ड्यूटी येतेच, त्यामुळे त्यात नवल काही नव्हते. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घ्यायचा, त्यातली किमान पन्नास मते मोजून दाखवायची, यंत्र रिकामे करून सील लावायचे आणि सातच्या ठोक्याला पहिला मतदार आत घ्यायचा, हे सगळे आता हातांना पाठ झाले आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. यादीत नाव सापडले, बोटाला शाई लागली, नोंदवहीत सही झाली, तिसऱ्या अधिकाऱ्याने ‘बॅलट’चे बटण दाबले आणि ते पुठ्ठ्याच्या आडोशापाशी जाऊन थबकले. मान वळवून त्यांनी मला विचारले, “सर, ह्यातलं पाण्याचं कोण बघतं?”

केंद्राध्यक्षाने अशा वेळी काहीही सुचवायचे नसते. “तुम्हाला योग्य वाटेल ते बटण दाबा,” एवढेच मी म्हणालो. ते क्षणभर यंत्राकडे पाहत राहिले, मग बीप वाजला, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसली आणि पडली, आणि ते चप्पल ओढत निघून गेले. प्रतिनिधींच्या बाकावर हशा पिकला. मला मात्र हसू येईना. लोकसभेच्या त्या प्रचारात जवळजवळ प्रत्येक सभेत नळ, गटार, रस्ता आणि समाजमंदिर यांचीच आश्वासने मी ऐकली होती. खासदाराने दिल्लीत बसून कायदे करायचे असतात, अंदाजपत्रकातला पैसा कुठे जातो ते पाहायचे असते आणि सरकारला जाब विचारायचा असतो, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी ऐकलेल्या भाषणांवरूनच प्रश्न विचारला होता. देशाच्या नेतृत्वाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे मला तरी धड सांगता येईल का, असा विचार त्या दिवशी डोक्यात शिरला आणि तो अजून गेलेला नाही.

चांगल्या नेत्याचे माझ्यापाशी एक माप आहे आणि ते दोन इंचांचे आहे. माझा जन्म १९७० चा. सहा-सात वर्षांचा असताना दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून केलेला रात्रीचा प्रवास मला आठवतो. बर्थ म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या असत. आई सतरंजीची दुहेरी घडी घालून त्यावर मला झोपवायची, तरी सकाळी उठल्यावर फळ्यांच्या मधल्या फटी पाठीवर उमटलेल्या असत. दुसऱ्या वर्गाने जाणाऱ्या माणसाची पाठ अशी शेकायचीच, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. प्रवाशांनीही धरले होते, हे विशेष. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा हा समाजवादी प्राध्यापक राजापूर मतदारसंघातून निवडून आलेला होता. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला. पुढे सरकारे आली आणि गेली, मंत्री बदलले, पण गादी कोणी काढली नाही. आज दर रात्री लाखो माणसे तिच्यावर झोपतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ती कोणामुळे आली हे ठाऊकही नसते. त्या गादीवर कोणाचा फोटो छापलेला नाही.

गादीची गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा एखादा तरी विचारतोच, “सर, एवढंच?” एवढेच, पण नीट पाहिले तर हे ‘एवढेच’ फार दुर्मिळ आहे. दिल्लीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला फळीवर झोपणाऱ्याची पाठ आठवावी लागते, हे तर आहेच. पण नुसती कणव पुरत नाही, कणवेची भाषणे पुष्कळ होतात. ती फाईल कोणत्या टेबलावर अडते, पैसा कुठून काढायचा, कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक नव्या डब्यात ती गोष्ट आपोआप कशी बसेल, हे समजणारे डोके लागते. आणि एकदा झालेले काम आपल्या नावावाचून चालू राहावे, अशी व्यवस्था लावण्याचे मोठेपण लागते. राष्ट्रीय नेतृत्वाविषयी माझी जी काही आशा आहे ती याच जातीची आहे. देशाला जगात पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवणाऱ्या घोषणा मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. पाठीला वळ उमटू नयेत याची काळजी वाहणारा माणूस मात्र अजून शोधतो आहे.

त्याच दंडवत्यांना १९९१ मध्ये राजापूरच्या मतदारांनी घरी बसवले, हेही सांगितले पाहिजे. ज्या कोकण रेल्वेचा त्यांनी ध्यास घेतला होता, तिचे काम तेव्हा सुरू झालेले होते. लोकशाहीत असे व्हायचेच आणि मतदाराला तो अधिकार आहेच. तरी चांगला नेता मिळत नाही म्हणून कुरकुर करताना हा १९९१ चा निकाल मला मधूनच आठवतो. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाडले होते आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यानेही तेच केले, तेही त्यासोबत आठवते.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून पुढचा मुद्दा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी जे समारोपाचे भाषण केले, त्यात धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. या भाषणाचा उतारा आता सगळ्याच पक्षांचे लोक एकमेकांना ऐकवतात. ज्याला त्याला दुसऱ्याची भक्ती दिसते. मला वाटते, आपल्याकडे या भक्तीचा उगम देव्हाऱ्यात शोधण्याऐवजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शोधावा. आपल्या राजकारणाची भाषाच नात्यागोत्याची आहे: साहेब, दादा, भाऊ, ताई, आबा. हाक मोठी गोड आहे, पण तिच्यात एक गोम आहे. दादाला कोणी हिशेब विचारत नाही. साहेबांसमोर खुर्चीत बसायचे नसते. ताईंनी दिले ते प्रसादासारखे घ्यायचे असते. नेत्याला एकदा घरात घेतले की त्याच्याशी नागरिक म्हणून बोलायची सोयच उरत नाही. मग तो चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी’ होतो, मिरवणुकीत जेसीबीतून त्याच्यावर फुले उधळली जातात, आणि ज्या रस्त्यावर हे सगळे चालते त्याचे काम तीन वर्षांपूर्वीच पूर्ण दाखवून बिल निघालेले असते.

म्हणून मला हवा असलेला नेता मला दादा म्हणून नको आहे. प्रश्न विचारला तर उत्तर देणारा हवा आहे.

‘उत्तर देणे’ या शब्दात मी बरेच काही घालतो आणि त्यासाठी जुन्या गोष्टींकडे वळतो. १९५६ मध्ये मेहबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तामिळनाडूतल्या अरियलूरला पुन्हा भीषण अपघात झाला, शंभराहून अधिक माणसे गेली, आणि शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी तो स्वीकारताना, शास्त्री दोषी आहेत म्हणून नव्हे तर संसदीय संकेत म्हणून आपण तो घेत आहोत, असे नेहरूंनी स्पष्ट केले. त्याच वर्षी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मुंबई केंद्रशासित करण्याचा बेत त्यांना पटला नव्हता आणि तो निर्णय ज्या रीतीने झाला त्यावर त्यांनी पंतप्रधानांना लोकसभेतच बोल लावला. १९७६ मध्ये आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, मतदारांनी आपल्याला पाच वर्षांसाठीच पाठवले होते, या भूमिकेतून तुरुंगात असलेल्या मधु लिमये यांनी सदस्यत्व सोडले. शरद यादव यांनीही तेच केले. लिमये मूळचे पुण्याचे, पण निवडून आले ते बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून. प्रांत आणि जात पाहून मते पडतात, हे ज्यांना त्रिकालाबाधित सत्य वाटते त्यांनी या दोन मतदारसंघांची नावे लिहून ठेवावीत.

जुना काळ सोन्याचा होता, असे मी म्हणत नाही. त्या काळातही सत्तेचा माज होता, गटबाजी होती, आणीबाणी तर त्याच पिढीतल्या लोकांनी आणली. शिवाय राजीनाम्याने रुळाचा तुटलेला तुकडा सांधला जात नाही, हेही खरे. तरीही शास्त्रीजींच्या गोष्टीतला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. ते १९५७ ची निवडणूक लढले, जिंकले, पुन्हा मंत्री झाले आणि पुढे पंतप्रधानही झाले. चूक पत्करल्याने त्यांचे राजकारण संपले नाही. आज कोणताही पक्ष घ्या, चूक मान्य करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, असे त्यांच्या सल्लागारांनी पक्के ठरवलेले दिसते. ‘आमचा अंदाज चुकला’ हे तीन शब्द एखाद्या राष्ट्रीय नेत्याच्या तोंडून, पत्रकारांसमोर, कागद न पाहता ऐकायला मिळाले तर त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटीन. माझ्या वर्गातला मुलगा गणित चुकल्यावर खोडरबर मागतो, तेवढा निर्मळपणा दिल्लीत का असू नये, हे मला कळत नाही.

पण माझ्या आशेचे खरे ठिकाण मंत्र्याची खुर्ची नाही, सभागृह आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. मधला काही काळ साथीचा होता, ते धरूनही हा आकडा खटकतो, कारण पूर्ण मुदत चाललेल्या कोणत्याही लोकसभेच्या इतक्या कमी बैठका झालेल्या नाहीत. त्या पाचही वर्षांत लोकसभेला उपाध्यक्ष नव्हता. राज्यघटनेच्या ९३ व्या अनुच्छेदात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची निवड शक्य तितक्या लवकर करावी, असे म्हटले आहे. आमच्या शाळेत मुख्याध्यापक रजेवर गेले आणि उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी राहिली तर पालक आठवड्याभरात ओरड करतात. इथे देशाच्या सभागृहाची गोष्ट होती आणि माझ्यासकट कोणाच्या घशाला कोरड पडली नाही.

त्याहून मला अधिक सलतो तो पक्षादेश. पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, आणि ‘आयाराम-गयाराम’ला कंटाळलेल्या देशाने त्याचे स्वागतच केले. त्याचा एक परिणाम मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पक्षाने व्हिप, म्हणजे हा आदेश, काढला की त्याविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, मग विधेयक शेतीचे असो, शिक्षणाचे असो की आणखी कशाचे. सरकार वाचवण्या-पाडण्याच्या ठरावाला हा नियम समजू शकतो. १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा त्या एका मताचे मोल सगळ्या देशाने दूरदर्शनसमोर बसून पाहिले. पण एरवीच्या कायद्यांवरही आदेशाप्रमाणेच बटण दाबायचे असेल, तर ५४३ माणसे निवडायची कशाला? आमच्या शाळेतली हजेरी घेणारी घंटा त्याहून स्वस्तात पडते. २०२४ मध्ये मतदार होते सुमारे ९७ कोटी. म्हणजे एकेक खासदार सरासरी १८ लाख मतदारांच्या वतीने तिथे बसतो आणि त्या अठरा लाखांनी दिलेले डोके दाराबाहेर ठेवून आत जातो. व्हिपचा हा धाक विश्वास आणि अविश्वास ठरावापुरताच ठेवावा, अशी शिफारस निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच करून ठेवली आहे. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाला दिल्लीची सत्ता या ना त्या प्रकारे मिळाली, आणि त्यांच्यापैकी कोणालाही ती शिफारस आठवली नाही. सत्तेवर असताना स्वतःच्या खासदारांना बोलू देईल, त्यांचे विरोधी मत पचवील आणि त्यासाठी कायदा बदलायला पुढे येईल, असा नेता दिसला तर त्याचा पक्ष मी विचारणार नाही.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवे काही नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. त्याच्या पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. देणगीदाराचे नाव जाहीर न होता पक्षांना पैसा देता येणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर पैशाच्या वाटा उजेडात आणू, असे मनापासून म्हणणारा आवाज कोणत्याही बाजूने मला ऐकू आलेला नाही.

आता स्वतःकडे वळतो. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याचा लाभ घेणाऱ्यांपैकी मी एक होतो. तेव्हा कागदी मतपत्रिका होती. रबरी शिक्का मारून शाई दुसऱ्या चिन्हावर उठू नये म्हणून ती घडी कशी घालायची, हे घरून शिकवून पाठवले होते. शिक्का कुठे मारायचा तेही घरून ठरलेले होते. घडी नीट घातल्याचा अभिमान मला मताहून जास्त वाटला. पुढे एकदा मी निव्वळ आडनाव पाहून मत दिले आहे, एकदा समोरच्याचा पाडाव व्हावा एवढ्याचसाठी दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ती प्रतिज्ञापत्रे कोणालाही पाहता येतात. मी पहिल्यांदा एखादे अथपासून इतिपर्यंत वाचले ते २०२४ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. रेफ्रिजरेटर घेताना मी चार दुकाने पालथी घातली होती.

राग व्यक्त करायला ‘नोटा’ आहे, हे खरे. २०२४ मध्ये इंदूरला एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि तिथे २,१८,६७४ मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे बटण दाबले. त्या मतदारांविषयी मला आदर आहे. पण तरीही निवडून यायचे ते उमेदवार आलेच, कारण नोटाने निकाल बदलत नाही. आणि कोणी नको हे सांगून झाल्यावर कसा हवा, हा प्रश्न उरतोच. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले जाताना डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी एक खंत बोलून दाखवली होती: कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, आणि कायदा करणाऱ्याला मात्र निवडून येण्यापलीकडे कोणतीच पात्रता ठेवलेली नाही. निवडून आलेली माणसे कर्तबगार आणि चारित्र्यवान असतील तर सदोष संविधानातूनही ती चांगले घडवतील, असेही ते म्हणाले होते. पात्रतेची अट घातली गेली नाही, हे एका परीने बरेच झाले. नाहीतर अट ठरवणाऱ्यांनी आपल्या सोयीची ठरवली असती. पण मग परीक्षा घ्यायचे काम आपल्याकडेच आले, आणि पेपर तपासायला आपण पाच वर्षांतून एकदा, तेही घाईघाईने बसतो.

निवडणुकीनंतर काही महिन्यांनी मी आमच्या खासदारांना पत्र लिहिले. विषय पाण्याचा नव्हता. दहाव्या परिशिष्टातील व्हिपच्या तरतुदीविषयी आपले स्वतःचे मत काय आहे, गेल्या अधिवेशनात आपण किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी आपल्या मते महत्त्वाचा कोणता, असे तीन साधे प्रश्न, शाळेच्या पेपरात असतात तसे, क्रमांक घालून विचारले. उत्तर आले नाही. दिवाळीला मात्र मोबाइलवर त्यांच्या हसऱ्या छायाचित्रासह शुभेच्छा आल्या, माझ्या नावानिशी. वाढदिवसालाही आल्या. माझा क्रमांक त्यांच्यापाशी आहे, जन्मतारीखही आहे, याचा अर्थ पत्ता हरवला असेल असे मानायला जागा नाही. शिक्षक खोलीत हा किस्सा सांगितल्यावर एक सहकारी म्हणाले, “गुरुजी, त्यांच्या ऑफिसात तुमचं पत्र उघडणाऱ्यालाच व्हिप काय ते माहीत नसेल.” असेल तसेही. मग एखाद्या खासदाराच्या कार्यालयात पत्रे वाचून टाचण काढणारी दोन शहाणी मुले असावीत, हीदेखील मी माझ्या आशेत जमा केली. ती दोन इंचांच्या गादीएवढीच साधी गोष्ट आहे.

ते पाण्याचे गृहस्थ मला परवा बाजारात दिसले. त्यांनी मला ओळखले नाही. मीही थांबवले नाही, कारण सांगण्यासारखे उत्तर अजून माझ्याकडे नव्हते. घरी येऊन दुसरे पत्र लिहिले. तीन प्रश्न तेच ठेवले आणि चौथा त्यांचा घातला: आमच्या भागातल्या पाण्याचे काम नेमके कोणाकडे आहे, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य की केंद्र, आणि त्यात खासदार म्हणून आपला वाटा कोणता? या वेळी पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक कोरे पाकीट जोडले, आणि टपालात टाकण्यापूर्वी त्यावरचे तिकीट नीट चिकटले आहे ना, ते अंगठ्याने एकदा दाबून पाहिले.